नगारे तेच, उत्सव दुसरा

१७३४ सालच्या हिवाळ्यात योहान सेबास्टियन बाख लाइपझिगमध्ये नाताळच्या संगीताची मोठी संहिता लिहीत होता. काम पहिल्याच वृंदगानाचं चाललं होतं. गायकांच्या ओळीखाली त्याने शब्द लिहिले, पण ते नाताळचे नव्हते. आदल्या वर्षी राणीच्या वाढदिवसासाठी याच सुरांवर बसवलेले, नगाऱ्यांना आणि ट्रम्पेटना वाजायला सांगणारे ते जुने शब्द होते. त्याने ते खोडले आणि येशूजन्माचा आनंद सांगणारे नवे शब्द घातले. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात जपलेल्या त्या हस्तलिखितात ही खाडाखोड आजही दिसते.

ज्या रचनेची ही सुरुवात, ती म्हणजे ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’. ती सुरू होते एकट्या नगाऱ्यांवर. त्यानंतर बासऱ्या आणि ओबो, आणि मग तंतुवाद्यं आणि ट्रम्पेट. १७३४च्या मंडळीसमोर बाखने असा आरंभ का केला असेल, याचं उत्तर खोडलेल्या शब्दांत आहे. मूळ पदाने आधी नगाऱ्यांना हाक मारली होती, म्हणून नगारे आधी वाजले. नव्या पदात ती हाक उरली नाही, नगारे मात्र जागचे हलले नाहीत. कारण निघून गेलं आणि त्याचा परिणाम स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढच्या पानांचा विषय नेमका हाच आहे: स्वतःचीच जुनी रचना उचलून तिला दुसऱ्या सभेत, दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या भावात उभी करणारा बाख.

मराठी वाचकाला या पद्धतीचं नवल वाटायचं कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली आपण पाहत आलो आहोत. लोकांच्या कानात असलेल्या गाण्यावर नवं पद बसवणं ही आपल्याकडे उघड आणि मानाची गोष्ट होती. बाखच्या काळच्या जर्मनीतही ती तशीच होती. फरक एवढाच की बाख बहुतेक वेळा स्वतःचीच चाल घेई, आणि ती घेताना तिचं अंगही बदली. पट्टी हलवी, वाद्यं वाढवी, मधल्या स्वरांत आणखी एक ओळ गुंफी, शेवटी दोन-चार ओळी जोडी. हे फेरफार वरवर पाहता किरकोळ वाटतात. पण बाखची विचार करण्याची रीत त्याच्या कोणत्याही पत्रापेक्षा या फेरफारांतून जास्त कळते. पत्रांत तो पगाराबद्दल आणि हक्कांबद्दल लिहितो. संगीताबद्दल त्याने फारच थोडं लिहून ठेवलं आहे.

त्याची परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. जन्म १६८५ चा, आयझेनाखचा. १७०८ ते १७१७ वायमारच्या दरबारात, मग १७२३ पर्यंत क्योटनच्या तरुण राजपुत्राकडे, आणि तिथून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत लाइपझिगमध्ये. लाइपझिगला तो सेंट थॉमस शाळेचा कँटर होता. शहरातल्या मुख्य चर्चमध्ये दर रविवारी आणि सणाला कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची बहुभागी रचना, सादर करायचा, शाळेतल्या मुलांकडून तो बसवून घ्यायचा, ही त्याची नोकरी. पहिल्या काही वर्षांत त्याने आठवड्याला एक या वेगाने कॅन्टाटा लिहिले. १७२९ मध्ये त्याने विद्यापीठातल्या तरुणांचं एक वादकमंडळही हाती घेतलं. हे मंडळ थंडीत त्सिमरमनच्या कॉफीहाउसात आणि उन्हाळ्यात त्याच्याच बागेत वाजवत असे. म्हणजे एकाच माणसाच्या दोन सभा: सकाळची देवळातली आणि संध्याकाळची कॉफीच्या वासातली. सूर या दोन्हींमध्ये ये-जा करत राहिले.

१७३३ च्या फेब्रुवारीत सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्ट वारला. सुतकामुळे काही महिने सार्वजनिक संगीत बंद राहिलं. त्या मोकळ्या काळात बाखने एका लॅटिन प्रार्थनेचे पहिले दोन मोठे भाग रचले, जुलैत ते ड्रेस्डेनला नव्या अधिपतीला अर्पण केले आणि सोबत दरबारी संगीतकाराची पदवी मागितली. पदवी मिळायला १७३६ उजाडलं. मधल्या काळात राजघराण्यातल्या वाढदिवसांसाठी त्याचं मंडळ एकामागून एक रचना सादर करत राहिलं. ५ सप्टेंबर १७३३ ला अकरा वर्षांच्या युवराजाचा वाढदिवस होता, ८ डिसेंबरला राणीचा.

युवराजासाठी कवी पिकांडरने ग्रीक कथेतला हर्क्युलिस निवडला. तरुण हर्क्युलिस दुवाट्यावर उभा आहे. एका बाजूने सुखलालसा बोलावते, दुसऱ्या बाजूने सद्गुण. सुखलालसा त्याला झोपवण्यासाठी अंगाई गाते: निज, मजा चाख, मन मानेल तसं वाग. हर्क्युलिस तिला झिडकारतो. मग तो रानातल्या प्रतिध्वनीला कौल लावतो आणि प्रतिध्वनी ‘नाही’ आणि ‘हो’ अशी त्याला हवी तीच उत्तरं देतो. शेवटी तो सद्गुणाशी प्रेमाचं युगुलगीत गातो. युवराजाने कोणता रस्ता धरावा हे सांगायला एवढं पुरेसं होतं.

पंधरा महिन्यांनी हीच गाणी नाताळात आली.

सुखलालसेची अंगाई आता गव्हाणीतल्या बाळ येशूसाठी होती. आरंभीचे शब्दसुद्धा फारसे बदलले नाहीत. निजवण्याचं काम तेच होतं. पण बाखने ते गाणं वरच्या सोप्रानो आवाजातून काढून खालच्या आल्टो आवाजाला दिलं, पट्टी खाली आणली, तंतुवाद्यांच्या जोडीला ओबो घातले आणि गायकाच्या ओळीवर बासरी धरली. मोहिनी घालणारा आवाज आईच्या छातीतून येणारा झाला. ज्याला पहिली आवृत्ती ठाऊक नाही, त्याला या अंगाईत मोहाचा अंशही सापडणार नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र एक गोष्ट लख्ख कळते. लांबवलेला एकच स्वर, त्याखाली हलकेच झुलणारा खर्ज, मुद्दाम लावलेला उशीर, हे सगळं झोपेचं आहे. झोपवणाऱ्याचा हेतू त्यात कुठेही लिहिलेला नाही.

त्याहून धाडसाचं रूपांतर झिडकारण्याच्या गाण्याचं आहे. मूळ पदात हर्क्युलिस म्हणतो की तुझं ऐकायचं नाही, तुला ओळखायचंही नाही. पाळण्यात असताना त्याला गिळायला आलेल्या सापांचा उल्लेखही मधल्या कडव्यात येतो. नाताळच्या संहितेत हेच सूर सियोनला, म्हणजे बायबलमधल्या देवाच्या नगरीला, सांगतात, की सजून तयार हो, प्रियतम येतो आहे. नकाराचं स्वागत झालं! मूळ गाण्यात नुसती व्हायोलिनं होती. बाखने त्यांच्या सुरात ओबो दामोरे मिसळला, आणि या मऊ, किंचित अनुनासिक वाद्याने ओळीची धार उतरवली. मूळ चालीत एक अधीर लय होती. पहिल्या पदात ती रागाची वाटते, दुसऱ्यात उत्कंठेची. दोन्ही वेळा खरी वाटते.

सगळीच रूपांतरं अशी बिनतोड नाहीत, हे मान्य करायला हवं. प्रतिध्वनीचं गाणं चर्चमध्ये गेलं तेव्हा आत्मा येशूला विचारतो, मी मरणाला भ्यावं का, आणि दुरून दुसरा आवाज उत्तर देतो. रानातल्या कौलाचा नाट्यपूर्ण डाव तिथे थोडा अवघडून उभा राहतो. सूर सुंदर आहेत, ओबोची प्रत्युत्तरं गोड आहेत, पण प्रसंगाने ते मागितले होते असं वाटत नाही. हर्क्युलिस आणि सद्गुण यांचं प्रेमगीत मात्र देवाच्या दयेबद्दलचं युगुलगीत म्हणून सहज रुळलं.

हर्क्युलिसच्या त्या कॅन्टाटातल्या गाण्यांपैकी फक्त शेवटचं वृंदगान नाताळात आलं नाही. ते क्योटनच्या दिवसांतल्या एका रचनेवरून आधीच एकदा वापरून झालं होतं. राणीच्या वाढदिवसाच्या कॅन्टाटातून दोन वृंदगानं आणि दोन एकल गाणी आली. आणखी एक गाणं आलं ऑक्टोबर १७३४ मधल्या, राजाच्या निवडीच्या वर्षगाठीच्या सोहळ्यातून. त्या रात्री चौकात मशालींच्या उजेडात बाखचा ज्येष्ठ ट्रम्पेटवादक गॉटफ्रीड रायखं वाजवत होता. दुसऱ्या दिवशी घराकडे जाताना तो रस्त्यातच कोसळून गेला. फुंकण्याचे श्रम आणि मशालींचा धूर त्याला बाधले, असं लाइपझिगच्या बखरकाराने नोंदवून ठेवलं आहे. अडीच महिन्यांनी नाताळच्या सकाळी राणीच्या वृंदगानातली ट्रम्पेटची अवघड ओळ वाजली, तेव्हा ती फुंकायला रायखं नव्हता.

ओरॅटोरिओचे सहा भाग २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ या काळात सणाच्या सहा दिवशी सादर झाले. हस्तलिखितात जुनं आणि नवं नजरेला वेगळं पडतं. जुन्या रचनांवरून उतरवलेली पानं नीटस आहेत, नव्याने रचलेल्या भागांत खाडाखोड आहे. शुभवर्तमानातल्या कथेचं गायन, मंडळीच्या ओळखीच्या स्तोत्रांची मांडणी आणि मेंढपाळांचं वाद्यसंगीत हे सगळं नवं होतं. मरियेने मेंढपाळांचं बोलणं मनात जपून ठेवलं, त्या ठिकाणचं आल्टो आवाजाचं आणि एका व्हायोलिनचं गाणंही त्याने नव्याने लिहिलं. चर्चच्या प्रथेप्रमाणे नाताळापूर्वीचे काही रविवार लाइपझिगमध्ये कॅन्टाटा होत नसे, त्यामुळे त्याला वेळ होता. म्हणजे वेळ नाही म्हणून जुनं उचललं, हे नेहमीचं स्पष्टीकरण इथे पुरत नाही. ज्या दोन वाढदिवसांच्या रचना एकदा वाजून कपाटात गेल्या असत्या, त्यांना त्याने दरवर्षी परत येणारा सण दिला. पिकांडर आणि बाख यांनी वाढदिवसाची पदं रचतानाच नाताळचा विचार केला असावा, असाही काही अभ्यासकांचा तर्क आहे.

शब्द बदलले की रचना बदलते, हे समजायला सोपं आहे. शब्दच नसतील तेव्हा काय होतं, ते पाहण्यासाठी १७२० च्या हस्तलिखिताकडे जावं लागतं. त्यात एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना आहेत. शेवटच्या रचनेचा पहिला भाग म्हणजे अखंड धावणाऱ्या स्वरांची एक झड. ई मेजर पट्टी, चार तारांचं वाद्य, एक माणूस. वरची मोकळी तार सतत वाजत राहते आणि शेजारच्या तारेवर तोच स्वर बोटाने दाबून घेतला जातो. एकाच स्वराचे दोन रंग एकमेकांवर आदळत असल्याने हे वादन झगमगतं.

११ वर्षांनी, ऑगस्ट १७३१ मध्ये, लाइपझिगच्या नव्या नगरपालिकेच्या कारभारारंभाला बाखने हीच झड ऑर्गनच्या उजव्या हातात दिली आणि भोवती तंतुवाद्यं, ओबो, तीन ट्रम्पेट आणि नगारे उभे केले. त्या काळच्या ट्रम्पेटला झडपा नव्हत्या, ठरावीक स्वरच निघत, आणि नगाऱ्यांच्या जोडीने ते बहुधा डी पट्टीत वाजत. म्हणून ई मेजर एक स्वर खाली उतरून डी मेजर झालं. मूळ रचनेत वाद्यवृंद कुठेच नव्हता. ऐकणाऱ्याने त्या एका ओळीतून खर्ज आणि संवाद मनात जुळवायचा होता. मनात वाजत असलेलं बाखने इथे कागदावर उतरवलं. काही वर्षांनी त्याने याच रचनेला ल्यूटसारख्या छेडायच्या वाद्यासाठी तिसरं रूप दिलं. तिथे झळाळी कमी आणि एकान्त जास्त आहे.

नगरपालिकेच्या त्याच कॅन्टाटातलं पुढचं वृंदगान, देवाचे आभार मानणारं, दोन वर्षांनी ड्रेस्डेनला पाठवलेल्या लॅटिन प्रार्थनेत गेलं.

१७३० च्या दशकात कॉफीहाउसातल्या मैफलींसाठी हार्पसिकॉर्डच्या कॉन्चेर्तोंची जी मालिका तयार झाली, तिची बहुतेक मुळं अशीच जुन्या रचनांत आहेत. दोन व्हायोलिनांचा प्रसिद्ध कॉन्चेर्तो दोन हार्पसिकॉर्डांचा झाला, चौथा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो हार्पसिकॉर्ड आणि दोन बासऱ्यांचा झाला. इथे अडचण खरी होती. व्हायोलिनचा स्वर गजाने हवा तितका लांबवता येतो, हार्पसिकॉर्डची तार छेडली की आवाज विरतो. बाखने लांब स्वरांच्या जागी अलंकार आणि धावत्या हरकती लिहिल्या आणि मोकळ्या डाव्या हाताला स्वतंत्र काम दिलं. एकल कळफलकवाद्यासाठी मोठ्या वाद्यवृंदाचा कॉन्चेर्तो लिहायची युरोपातली प्रथा या कामातून रुजायला मोठी मदत झाली.

त्याची गंमत वाटावी अशी एक रचना १७२५ च्या नाताळातली. वाद्यवृंदासाठी लिहिलेली एक फ्रेंच धाटणीची प्रस्तावना त्याच्याकडे होती, सुरुवातीला संथ आणि डौलदार, मध्ये झपाट्याची. आमचं तोंड हसण्याने भरून जावो, या स्तोत्रातल्या वचनासाठी त्याने त्या झपाट्याच्या भागात गायकवृंद मिसळला. वाद्यांच्या तुटक स्वरांवर हसण्याचे शब्द बसले आणि चर्चमध्ये खरोखर हशा पिकल्यासारखं संगीत झालं. मूळ वाद्यरचनेत हे हसू आधीपासून होतं, पण ते ओळखायला स्तोत्राचं वचन यावं लागलं.

सर्वांत लांबचा प्रवास मात्र रडण्याचा आहे. १७१४ मध्ये, वायमारला असताना, २९ वर्षांच्या बाखने आसवं आणि चिंता यांवरचं एक वृंदगान रचलं. त्याच्या खर्जात एक छोटी ओळ आहे. ती अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते, संपते आणि पुन्हा वरून सुरू होते. अशी बारा आवर्तनं होतात. जवळजवळ ३५ वर्षांनी, आयुष्याच्या शेवटाला, बाख ड्रेस्डेनला पाठवलेल्या त्या लॅटिन प्रार्थनेचं मोठं मिस्सा पुरं करत होता. येशूला क्रुसावर चढवल्याच्या वाक्यासाठी त्याने तरुणपणीचं हे वृंदगान काढलं. पट्टी अर्धा स्वर खाली गेली. खर्जातले लांब स्वर त्याने तोडून ठोक्यांसारखे केले. वर बासऱ्या आणि तंतुवाद्यं आळीपाळीने उसासे टाकू लागली. आवर्तनं बाराची तेरा झाली, आणि या तेराव्यात, दफनाच्या शब्दांवर, वरची वाद्यं थांबतात, आवाज खोल उतरतात आणि इतका वेळ त्याच दुःखात फिरणारी रचना अनपेक्षितपणे एका उजळ मेजर पट्टीत येऊन टेकते. १७१४ मध्ये हा शेवट नव्हता. या शेवटासाठी उरलेलं सगळं वृंदगान रचलं होतं असं वाटावं, इतका तो नेमका आहे.

त्या मिस्सात, म्हणजे ‘बी मायनर मास’मध्ये, नवं फार थोडं आहे. कोणता भाग नगरपालिकेच्या कॅन्टाटातला, कोणता राजाच्या सोहळ्यातला, कोणता हरवलेल्या विवाहगीतातला. ल्यूथरपंथी बाखने कॅथलिक पंथाच्या पूर्ण पाठाला संगीत दिलं, ते त्याच्या हयातीत सलग वाजल्याची नोंद नाही. आपल्या ३५ वर्षांच्या कामातून त्याने निवड केली, असाच या संहितेचा अर्थ लावता येतो.

१९ व्या शतकाला हे पचायला जड गेलं. प्रतिभावंताच्या मनात प्रत्येक रचना एकदाच आणि एकाच भावाने जन्मते, अशी त्या काळाची श्रद्धा होती. धार्मिक संगीतातला सर्वश्रेष्ठ मानलेला माणूस सुखलालसेचं गाणं बाळ येशूला गातो, हे कसं मांडायचं? बाखचा थोर चरित्रकार फिलिप स्पिट्टा याने तोड काढली की बाखची दरबारी गाणी मुळात पुरती दरबारी नव्हतीच. त्यांचा खरा स्वभाव धार्मिक होता. या युक्तिवादात प्रेम आहे, पण तो बाखचं श्रेय कमी करतो. झिडकारणं स्वागतात बदलायला जो कान आणि जी कारागिरी लागली, तिच्याकडे स्पिट्टाच्या उत्तरात पाहायचं राहून जातं.

बाखनंतरच्या लोकांनी मात्र त्याचीच वाट पुढे नेली. १९५९ मध्ये फ्रान्सच्या जाक लूसियेने त्याच्या रचना जॅझ त्रिकूटावर वाजवायला घेतल्या. १९६८ च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या मूग सिंथेसायझरवरच्या ध्वनिमुद्रिकेत पहिलीच रचना कोणती निवडली गेली? व्हायोलिनची झड, ऑर्गनच्या रूपातली. त्याच व्हायोलिन रचनेतलं एक नृत्य १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीवर गेलं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी याच तबकडीवर आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असतंच.

पुढच्या पानांत या रचना जोडीजोडीने घेतल्या आहेत. वाचकाने आधी नंतरचं रूप ऐकावं आणि मग मूळ. क्रम असा उलटा ठेवला की बाखने काय बदललं, याबरोबर काय तसंच राहू दिलं हेही ऐकू येतं.

हीच उलटी दिशा आता संशोधनालाही उपयोगी पडते आहे. बाखच्या कितीतरी रचनांची मूळ रूपं हरवली आहेत. उरली आहेत ती फक्त रूपांतरं. डी मायनरमधल्या हार्पसिकॉर्ड कॉन्चेर्तोत उजव्या हाताला काही ठिकाणी एकाच स्वरावर पुन्हा पुन्हा येऊन शेजारच्या स्वरांवर उडी घ्यावी लागते. कळफलकावर ही हालचाल ओढूनताणून केल्यासारखी वाटते, व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर ती आपोआप जमते. अशा खुणांवरून अभ्यासकांनी मूळ व्हायोलिन कॉन्चेर्तो पुन्हा लिहून काढला. दुसऱ्या एका कॉन्चेर्तोतून ओबो दामोरेचा, तिसऱ्यातून व्हायोलिन आणि ओबो या जोडीचा कॉन्चेर्तो असाच मागे जाऊन मिळवला. बाखच्या समग्र संगीताच्या नव्या जर्मन आवृत्तीत अशा पुनर्बांधणीचा एक स्वतंत्र खंडच आहे, आणि त्यातले कॉन्चेर्तो आज मैफलीत हार्पसिकॉर्ड रूपांच्या बरोबरीने वाजतात.